उकंडरावांचा डेक

आमच्या शेजारच्या उकंडराव भोयरांनी घरामागे पोहण्याचा तलाव बांधला तेव्हा गावात कोणालाच पोहायची हौस नव्हती, आणि खुद्द उकंडरावांना पोहता येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी विचारायला नको. दिग्रसहून दारव्ह्याकडे जाताना डाव्या हाताला आमचं गाव लागतं. तिथे आजवर पोहली ती म्हशी आणि पोरं, तीही नाल्याला पाणी असेल तेव्हा.

मी विमल. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना पाढे शिकवता शिकवता रिटायर झाले आणि आता दोन म्हशी पाळते. म्हशी पोरांपेक्षा लवकर ऐकतात. माझ्या आणि उकंडरावांच्या परसात फक्त तारेचं कुंपण आहे, त्यामुळे त्यांच्या घरात काय चाललंय ते मला विचारावं लागत नाही. मला ते वहिनी म्हणतात, मी त्यांना उकंडभाऊ म्हणते. त्यांना ते आवडत नाही हे मला पहिल्यापासून माहीत आहे.

आवडत नाही याला कारण आहे. आमच्याकडे उकिरड्याला उकंडा म्हणतात. त्यांच्या आईची, रुखमाबाईंची, आधीची लेकरं जगली नाहीत. एक जन्मताच गेलं, एक रांगायला लागल्यावर. मग हा झाला तेव्हा घरच्या म्हाताऱ्यांनी सांगितलं, मरण घरचं लेकरू ओळखून नेतं, तर हे घरचं ठेवूच नका. रीत तशीच होती. बाळंतिणीच्या कुशीतून पोर उचलून परसातल्या उकंड्यावर ठेवलं. शेजारची बाई, म्हणजे माझी सासू, वाटेनं चालल्यासारखी आली आणि तिनं विचारलं, हे कोणाचं लेकरू? घरच्यांनी म्हणायचं असतं, कोणाचं नाही, टाकून दिलेलं आहे. मग शेजारणीनं ते उचलायचं आणि घरच्यांनी तिच्याकडून ते विकत घ्यायचं. माझ्या सासूनं सूपभर कोंडा घेतला आणि पोर परत दिलं. नाव अर्थातच उकंडा पडलं, आणि पोर जगलं.

जगलं ते चांगलंच जगलं. पण जगलेल्या माणसाला आपण कसे जगलो याचं कौतुक कमी आणि नावाची लाज जास्त. शाळेत पोरांनी छळलं, कॉलेजात हजेरी घेताना सर थांबून पुन्हा वाचायचे. दिग्रसला बियाणं, फवारणीची औषधं आणि जनावरांची पेंड विकायचं दुकान काढलं, त्याला नाव दिलं उत्तम कृषी केंद्र. हेतू असा की लोक आपल्याला उत्तमराव म्हणतील. कंपन्यांचे एजंट म्हणायचे, कारण त्यांना माल खपवायचा होता. बाकी सगळी गिऱ्हाइकं दुकानात शिरतानाच ओरडायची, "उकंडभाऊ, तुरीवर काय मारू?"

आणि आईशी भांडण झालं की, मग ते भाजीतल्या मिठावरून का असेना, शेवटी गाडी एकाच ठिकाणी यायची. "तू तं चारचौघांत सांगतलं, हे टाकून देल्लं हाय म्हणून! सोताच्या मायनं!" रुखमाबाई उठून परसात जायच्या आणि सुपातला कचरा उकंड्यावर झटकून यायच्या.

कारण तो उकंडा तिथेच होता. परसाच्या कोपऱ्यात, लिंबाच्या पलीकडे, माझ्या कुंपणाला लागून. घराची कौलं जाऊन स्लॅब आला, दारात बैलगाडीच्या जागी कार आली, पण उकंडा हलला नाही. रुखमाबाई हलू देत नव्हत्या. दिवाळीत उकंड्यावर दिवा आम्ही सगळ्याच बायका लावतो, रीत आहे म्हणून. रुखमाबाई लावायच्या तो देणं फेडल्यासारखा. त्यांच्या हिशेबी पोराचा जीव त्या कोपऱ्यात ठेवलेला होता आणि जोवर जागा शाबूत तोवर पोर शाबूत. असं त्या मला स्पष्ट सांगायच्या. त्यांचं पोर साठीला आलं होतं आणि त्याला शुगर होती.

आता तलाव कुठून आला ते सांगते. उकंडरावांची एकुलती एक मुलगी सुरभी. हुशार पोरगी, माझ्याच हाताखाली शिकली. पुण्याला नोकरी लागली, तिथेच लग्न झालं. लग्नानंतर पहिली दोन वर्षं दिवाळीला, उन्हाळ्यात यायची, राहायची. मग येणं कमी झालं. सकाळी यायची, दुसऱ्या दिवशी निघायची. कोणी भेटायला आलं की डोकं दुखतंय म्हणून आतल्या खोलीत जाऊन पडायची. उकंडरावांना पोरीचं फार वेड. ती गेली की दोन दिवस दुकानात त्यांचं लक्ष नसायचं, युरियाच्या गिऱ्हाइकाला बियाणं काढून द्यायचे.

त्यांनी विचार करून कारण शोधलं. कारण त्यांच्या मते घर हे होतं. जावई मोठ्या शहरातले, पोरगी सोसायटीत राहते, आणि इथे मागचं दार उघडलं की समोर उकंडा. पोरीला लाज वाटते. त्यांनी हे शीलाला, म्हणजे बायकोला, सांगितलं. शीला भाकरी थापत राहिली. तिला खरं कारण ठाऊक होतं, पण तिनं पोरीला शब्द दिला होता. शिवाय उकंडराव बायकोला सांगायचे, विचारायचे नाहीत.

मग ते पुण्याला जाऊन सुरभीच्या सोसायटीतला तलाव पाहून आले. आल्यावर आठवडाभर दुसरा विषय नाही. तलावापेक्षा त्यांना तलावाभोवतीची जमीन भावली होती. "वहिनी, पाण्याच्या चारी बाजूंनी असा सपाट, कोरा, सिमेंटचा डेक. त्यावर खुर्च्या. म्हातारी माणसं पाय सोडून बसते. एक काडी कचरा नाई!"

"कोबा म्हणा की," मी म्हटलं.

"कोबा नाई. डेक."

डेक म्हटलं की आमच्या गावात लग्नात वाजतो तो, त्यामुळे लोकांनी पुष्कळ दिवस समजून घेतलं की भोयरांकडे काही कार्य निघालं आहे.

रस्त्याकडेचं वावर प्लॉट पाडायला विकल्यामुळे पैशाची अडचण नव्हती. काम प्रफुल्लला दिलं. प्रफुल्ल दिग्रसचा ठेकेदार. त्यानं आजवर गोठे, न्हाण्या, संडास आणि एका देवळाचा सभामंडप असं भरगच्च काम केलेलं. तलाव केला नव्हता, पण त्याचा आत्मविश्वास दांडगा. म्हणाला, "भाऊ, टाकं ते टाकं. मोठं असलं म्हणून काय झालं?" मग दोघं परसात दोरी आणि चुना घेऊन फिरायला लागले. चुन्याच्या रेघा पडल्या तेव्हा दिसलं की डेक चारी बाजूंनी सारखा हवा तर उकंड्याचा कोपरा घ्यावाच लागतो. तो सोडला तर एका बाजूला डेक चावल्यासारखा दिसतो.

रुखमाबाई खराटा घेऊन उकंड्यावर जाऊन बसल्या. अगदी खऱ्या अर्थानं बसल्या, भर उन्हात, डोक्यावर पदर घेऊन. जेसीबीवाला जेसीबी बंद करून तंबाखू मळत उभा राहिला.

"माय, उठ तिथून. लोकं पाहून राह्यले."

"पाहू दे. तुले इथं ठेवलं तवाही पाहून राह्यले होते."

उकंडराव लाल झाले. पण आईला हात धरून उठवायची त्यांची छाती नव्हती. शेवटी तोडगा निघाला. खत काढून वावरात न्यायचं, पण डेकच्या त्या कोपऱ्यात परातीएवढी गोल जागा मातीची सोडायची. तिथे रुखमाबाईंनी रोज शेणाचा एक पो टाकायचा आणि दिवाळीला दिवा लावायचा. उकंडराव म्हणाले, "शपथ." प्रफुल्लनं वहीत गोल काढला. रुखमाबाई उठल्या.

पुढचं काम पाहण्यासारखं होतं. आमची माती काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यावर सरळ काँक्रीट घातलं तर दोन वर्षांत त्याचे तुकडे होतात, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. प्रफुल्ललाही माहीत होतं. त्यानं काळी माती उपसून खाली मुरूम भरला, पाणी मारलं, रोलर फिरवला. सगळीकडे नीट केलं. फक्त उकंड्याच्या कोपऱ्यात वरचं खत निघाल्यावर खाली आणखी खत निघालं, त्याखाली आणखी. कितीतरी पिढ्यांचं शेण, राख, कडबा तिथे जिरलेला होता. मजूर कंटाळले. प्रफुल्ल म्हणाला, "बस झालं, वरून मुरूम मारा." मी कुंपणापलीकडून म्हटलं, हे खाली बसेल रे बाबा. तो म्हणाला, "मॅडम, हे तुमचं पाढ्याचं काम नाई." मला काय, माझ्या घरी डेक नव्हता.

काँक्रीट टाकायचा दिवस जवळ आला तेव्हा फुलसावंगीला रुखमाबाईंच्या माहेरी भाच्याच्या मुलीचं लग्न निघालं. एरवी आईला माहेरी धाडायचं म्हटलं की उकंडरावांना गाडीचं काम निघायचं. या वेळी स्वतः गाडी काढली, पोचवून आले, वर लुगडं घेऊन दिलं. त्याच दिवशी मला कळायला हवं होतं.

मिक्सर घरघरायला लागला. लोखंडी जाळी अंथरली, माल ओतला, फळीनं सपाट केला, आणि ओला असतानाच शीलाच्या नव्या खराट्यानं वरून ओढून खरखरीत केला, म्हणजे ओल्या पायांनी कोणी घसरायला नको. संध्याकाळी मी पाहायला गेले तर कोपरा इतर जागेसारखाच राखाडी आणि सपाट. गोल नव्हता.

"उकंडभाऊ, शपथ घेतली होती ना तुम्ही?"

"वहिनी, ते खड्डा ठेवला असता तं सगळी शोभा गेली असती. बुढीले काय समजते? दोन दिवस कुरकुर करीन."

रुखमाबाई आल्या. मागच्या दारात उभ्या राहिल्या. डेकवर तेव्हा मातीचे छोटे बांध घालून पाणी साठवलं होतं, काँक्रीट पक्कं व्हावं म्हणून, आणि सगळं परस भाताच्या खाचरांसारखं चमकत होतं. त्यांनी कोपरा शोधला. कुरकुर केली नाही. फक्त त्या दिवसापासून त्या मुलाच्या ताटात वाढताना त्याच्याकडे बघायला लागल्या, आजाऱ्याकडे बघतात तशा. त्याला शिंक आली तरी त्या हातातलं काम टाकून यायच्या. मला राग आला उकंडरावांचा. असा राग आला की त्यांच्याकडचा चहा मी महिनाभर घेतला नाही.

तलावात पाणी भरलं आणि पहिल्यांदा डेक धुतला, तेव्हा प्रफुल्लची कारागिरी उघडी पडली. जन्मभर न्हाण्या बांधलेला माणूस. न्हाणीत उतार भोकाकडे द्यायचा असतो. इथे सगळ्यात मोठं भोक तलाव, म्हणून त्यानं चारी बाजूंनी उतार तलावाकडे दिला, तोही अगदी अचूक. डेकवरची माती, पानं, पाखरांची घाण, सगळं पाणी शिस्तीत चालत तलावात गेलं. निळं पाणी चहासारखं झालं. उकंडराव म्हणाले, पुण्याला तर उतार बाहेरच्या बाजूला होता. प्रफुल्ल म्हणाला, "मंग पुण्याचं पाणी कुठं जाते?" पुढे काठानं नाली कापून घेतली आणि पाणी बदललं.

मग तलावावर माश्या यायला लागल्या. माश्या कुठून येतात याचा शोध लावत उकंडराव कुंपणापाशी आले. "वहिनी, तुमचा उकंडा जरा तिकडं सरकवता का?" मी म्हटलं, नाही सरकवत. तर गृहस्थ ग्रामपंचायतीत गेले. तिथला माणूस चौकशीला आला, माझाच विद्यार्थी, शरमून मान खाली घालून उभा. त्याची दया येऊन मी माझा उकंडा उचलून वावरात नेला. त्या दिवशी गल्लीतला शेवटचा उकंडा गेला. उकंडराव दुसऱ्या दिवशी कुंपणापलीकडून म्हणाले, "आता कसं मोकळं वाटते!" मी म्हशीला मोठ्यानं शिव्या दिल्या.

एवढं सगळं झालं आणि सुरभी आलीच नाही. फोनवर फोटो पाहून "मस्त आहे बाबा" म्हणाली. डॉक्टरनं प्रवास नको सांगितलाय, एवढंच कळलं. पावसाळ्यात डेकचा तो कोपरा बसला. हळूहळू, कोणाच्या लक्षात न येता, परातीएवढाच खळगा पडला आणि त्यात पाणी साचायला लागलं. प्रफुल्लनं वरून सिमेंटचा थर दिला, पुन्हा बसला. रुखमाबाई मला म्हणाल्या, "जागा मागून राह्यली ते." प्रफुल्ल म्हणाला, "खालचं खत सडून राह्यलं." दोघांचं म्हणणं एकच होतं, पण त्यांनी आयुष्यात एकमेकांशी सहमत होणं शक्य नव्हतं. दिवाळीला रुखमाबाईंनी त्या खळग्यात दिवा लावला. उकंडरावांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

आणि मग बातमी आली, सुरभीला मुलगी झाली. शीला पुण्याला जाऊन राहिली होती. सव्वा महिना झाल्यावर ती लेक आणि नात घेऊन घरी आली, बारसं इथेच करायचं म्हणून. उकंडरावांच्या पायाला भिंगरी. पाळणा डेकवर, खुर्च्या डेकवर, तलावात तरंगते फुगे, जेवणाच्या पंगती लिंबाखाली. नाव खुशी ठेवायचं ठरलेलं. ज्याच्यासाठी डेक केला तो दिवस आला होता.

बारशाच्या आदल्या दुपारी मी काजळ घेऊन गेले होते. बाळ पाहिलं. एवढंसं, पण मूठ घट्ट. सुरभी खाटेवर बसली होती, वाळलेली, डोळ्यांखाली काळं. रुखमाबाई पणतीच्या पायाला तेल लावत होत्या. उकंडराव दारात उभं राहून पाळण्याला कोणती फुलं, ते सांगत होते.

सुरभीनं मध्येच विचारलं, "आजी, उकंडा कुठे गेला आपला?"

उकंडराव हसले. "अवं, तो काढून टाकला ना! तुझ्यासाठीच. आता पाह्य, कसं स्वच्छ..."

"काढला?" तिचा चेहरा असा पडला की मी हातातली काजळाची डबी खाली ठेवली. "बाबा, मला खुशीला त्यावर ठेवायचं होतं. आजीनं तुम्हाला ठेवलं होतं तसं."

"काहून?" उकंडराव म्हणाले. "येडी झाली का तू? इंजिनिअर ना तू?"

तेव्हा शीला बोलली. पहिल्यांदाच, आणि सरळ नवऱ्याच्या तोंडाकडे पाहून. "हिच्या आधीची दोन गेली तिची. एक पाचव्या महिन्यात. म्हणून येत नव्हती ते. येणारी जाणारी विचारत, काही बातमी हाय का म्हणून. घराची कायची लाज?"

उकंडराव चौकटीला धरून उभे राहिले. सुरभीला पुण्याची भाषा आता पेलत नव्हती. "बाबा, म्या सगळं केलं. इंजेक्शनं घेतली, महिनोनमहिने पडून राह्यली. आता ते झोपली तरी म्या नाकाशी हात धरून बसतो. मले माहीत हाय याचा काही उपयोग नसते. पण तुमी वाचले ना? मले पाह्यजे ते. मले भेव वाटते बाबा."

"आता सव्वा महिन्यानं चालते का हे, माय?" शीलानं विचारलं.

"चालते," रुखमाबाई म्हणाल्या. "पण जागा नाई."

उकंडराव बाहेर गेले. मला वाटलं, तोंड लपवायला गेले. थोड्या वेळानं धप्प धप्प आवाज यायला लागला. जाऊन पाहिलं तर हा माणूस बनियनवर, हातात सब्बल, डेकचा कोपरा फोडत होता. गंमत अशी की प्रफुल्लचं जे काम त्या कोपऱ्यात सारखं खाली बसत होतं ते फोडायला गेल्यावर पक्कं निघालं. वरून दिलेल्या थरांमुळे काँक्रीट दुप्पट जाड झालेलं. ठिणग्या उडत होत्या, जाळीची तार पायाला लागून रक्त आलं होतं, शुगरचा माणूस. मी म्हटलं, प्रफुल्लला बोलवा. म्हणाले, "नाई. म्याच झाकलं ते."

दिवेलागणीला परातीएवढा गोल उघडा झाला. खाली माती काळीभोर, ओली. आणि तिथे ते थबकले, कारण जागा झाली पण उकंडा कुठे होता? ते कुंपणापाशी आले. उभे राहिले. मी म्हशीची धार काढत होते, वर पाहिलं नाही.

"वहिनी."

"काय?"

"थोडं शेण पाह्यजे होतं."

"कायले? माश्या होतील डेकवर."

मी एवढंच बोलले. आणखी बोलायचं पुष्कळ होतं, ग्रामपंचायतीपासून सगळं पाठ होतं, पण त्यांच्या पायाचं रक्त कुंपणाच्या तारेशी दिसत होतं. मी उठले, गोठ्यातलं ताजं शेण, राख, थोडं कुटार म्हणजे भुसा, असं टोपलंभर भरलं आणि स्वतः नेऊन त्या गोलात ओतलं. निळा तलाव, राखाडी डेक, फुगे, आणि मध्ये कोपऱ्यात तो ढीग. काही शोभा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पाहुणे यायच्या आत, आम्ही घरचेच उभे होतो. शीलानं सुपात दुपटं घालून बाळ ढिगावर ठेवलं. सुरभी दाराशी, तोंडाला पदर लावून. आईनं बोलायचं नसतं असं काही रीतीत नाही, पण तिच्यानं बोलवणार नव्हतं हे दिसत होतं. मी माझ्या फाटकातून निघून, वळसा घालून, वाटसरू बाईसारखी आले. माझ्या सासूनं केलं तेच मला करायचं होतं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोरांकडून नाटकं बसवून घेतली, पण त्या दिवशी वळसा घालताना मी माझं एकच वाक्य दोनदा घोकलं.

"अवं माय, हे कोणाचं लेकरू?" मी विचारलं.

उत्तर घरच्यांनी द्यायचं असतं, आणि ते उकंडरावांकडे आलं होतं. उकंडरावांनी तोंड उघडलं. त्यांना वाक्य माहीत होतं. जन्मभर तेच वाक्य त्यांनी आईच्या तोंडावर फेकलं होतं. आता त्यांनी तोंड पुन्हा मिटलं. बाळानं सुपात हात हलवला आणि तोंड वाकडं करून रडायला लागलं.

मी पुन्हा विचारलं. ते नातीकडे बघत राहिले आणि मान हलवत राहिले, नाही, नाही, अशी. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"म्हण ना रे," मागून रुखमाबाई म्हणाल्या. "मले काय सोपं गेलं होतं?"

उकंडराव वळले. त्यांनी आईकडे पाहिलं. मी त्या दोघांना इतकी वर्षं शेजारून पाहत आले आहे, पण असं पाहिलेलं आठवत नाही.

"कोणाचं नाई," ते म्हणाले. "टाकून... टाकून देल्लं हाय."

मी बाळ उचललं. ते गरम होतं आणि जड होतं आणि माझ्या पातळावर ओलं झालं. मी म्हटलं, मग हे मी नेते. शीला म्हणाली, आमाले देता का? मी म्हटलं, काय देता? सगळं जसं व्हायचं तसं होत होतं. फक्त उकंडराव भानावर नव्हते. ते आईलाच विचारत होते, अगदी हळू.

"माय, तुवा मले कितीले घेतलं होतं?"

"सूपभर कोंडा." रुखमाबाईंनी नाक पुसलं. "तेवढाच मागतला तिनं. घर मागतलं असतं तं घर देल्लं असतं."

उकंडराव लंगडत आत गेले. आम्ही सुपाची वाट पाहत उभ्या होतो. ते बाहेर आले ते दुकानातून घरी आणून ठेवलेलं कोंड्याचं अख्खं पोतं खांद्यावर घेऊन, आणि डेकवरून चालत येऊन त्यांनी ते माझ्या पायाशी ठेवलं. सुपापेक्षा जास्त घेऊ नये अशी काही रीत मी ऐकलेली नाही. मी बाळ सुरभीच्या हातात दिलं आणि पोतं ठेवून घेतलं.